मेबरीबाईंचं पहिलं नाव

हार्डी क्रॉसिंग गावातल्या एकाही गोऱ्या माणसाला मेबरीबाईंचं पहिलं नाव ठाऊक नव्हतं. रुळांच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा काळ्या माणसांना ते ठाऊक होतं, पण आम्ही घेत नव्हतो. पोस्टात त्या व्ही. एल. मेबरी, बँकेत व्ही. एल. मेबरी, शाळेच्या पगाराच्या कागदावरही व्ही. एल. मेबरीच. घरी खुद्द नवऱ्याची हाक यायची ती अशी, "अहो मिसेस मेबरी, चुलीवर काहीतरी जळतंय हो!"

कारण अगदी साधं. त्या काळात जॉर्जियातला गोरा माणूस काळ्या बाईला मिसेस म्हणत नसे. जीव गेला तरी नाही. बाई शिकलेली असो, नातवंडांची आजी असो, तिला पहिल्या नावाने हाक, तीही ए-गं करून. फारच माया उतू चालली तर 'आंटी'. पण पहिलं नावच ठाऊक नसलं तर? मग बोंबला! मग एक तर मिसेस म्हणा, नाहीतर तोंड मिटून बसा. बहुतेक जण तोंड मिटून बसत. पोस्टातल्या कारकुनाने "हं, पुढे सरका" एवढ्या शब्दांवर कित्येक वर्षं भागवलं. बाईंना तेही चालायचं. "आपल्याला खाली ओढता येत नाही म्हणून गप्प बसतात ना, बसू देत," असं त्या म्हणायच्या.

बाईंच्या पायाला भिंगरी होती. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ. जेवायच्या त्या उभ्याने, ताटली हातात घेऊन, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. वह्या तपासायच्या चालत. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि टाचा वरखाली करायच्या. मग रेव्हरंड पिंकनींनाही आवरतं घ्यावं लागायचं. बाईंची आई गोऱ्या क्रेनशॉंच्या घरी स्वयंपाकाला होती. ती म्हणायची, ही पोर पोटात असतानाच मी दमले, बाहेर आल्यावर काय होणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

तरुणपणी याच पायांनी बाईंना आमच्या लोकांच्या कॉलेजात नेलं. धावायला म्हणून घेतलं त्यांना. एकदा उत्तरेकडे कुठल्याशा मोठ्या मैदानावर शर्यत होती. बाई रेषेवर वाकलेल्या, आणि कर्ण्यातून एका गोऱ्या माणसाचा आवाज आला, "चौथ्या लेनमध्ये, मिस स्ट्राँग." स्ट्राँग हे त्यांचं माहेरचं आडनाव. बाईंनी मान वळवून मागे पाहिलं, ही मिस स्ट्राँग कोण म्हणून! तेवढ्यात पिस्तूल उडालं. बाई शेवटच्या आल्या. कोच तावातावाने ओरडत होता आणि या आपल्या हसतायत, रडतायत, पुन्हा हसतायत. जन्मात पहिल्यांदा गोऱ्या तोंडातून त्यांच्या नावाआधी मिस आलं होतं, आणि ते ओळखूही आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता हे सोडायचं नाही. गावी परतल्या, शाळेत लागल्या, कॉर्नेलियस मेबरींशी लग्न केलं आणि पहिलं नाव असं पुसून टाकलं की विचारू नका.

शाळा सुटली की बाई मुलींना घेऊन आमच्या चर्चच्या डीकन हार्वेच्या कुरणात जायच्या. आमच्या शाळेला मैदान नव्हतं. गोऱ्यांच्या शाळेला दोन होती, पण तो विषय नको, माझं डोकं फिरतं. कुरणात गाईंना बाजूला हाकायचं, शेण उचलायचं, चुन्याने लेन आखायच्या आणि धावायचं. शनिवारी शर्यत असायची. बाई पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून एकेकीला पुकारायच्या, "दुसऱ्या लेनमध्ये, मिस आयव्हरी पूल! तिसऱ्या लेनमध्ये, मिस लव्ही ग्रियर!" समोर कोण, तर दहा-बारा वर्षांच्या शेंबड्या पोरी, अनवाणी, भावाच्या जुन्या चड्ड्या घातलेल्या. पण मिस. लाकडाच्या वखारीत काम करणारा एक बाप दर शनिवारी यायचा. त्याची मुलगी दर वेळी शेवटची यायची. कुणीतरी त्याला छेडलं, "कशाला एवढं चालत येतोस रे? पोरगी तर गाईच्याही मागे!" तो म्हणाला, "तिला मिस म्हणतात ना, ते ऐकायला येतो. पहिली-शेवटची ते तिचं ती बघेल."

आणि या मुलींचं पुढे काय झालं सांगू? कुणी नर्स झाली, कुणी मास्तरीण. पण मुख्य म्हणजे त्या भोंग्यातून मिस ऐकलेली मुलगी गोऱ्यांच्या दुकानात काळ्यांसाठी ठेवलेल्या मागच्या दाराने शिरताना जरा अडखळायची. बाईंना तेच हवं होतं.

त्यातली लव्ही ग्रियर म्हणजे वारा. एका वर्षी उन्हाळ्यात ओहायोत देशभरातल्या मुलींची शर्यत झाली, तिथे आमची लव्ही पहिली आली. पेपरात फोटो आला. आमच्या बाजूला चर्चची घंटा वाजली, अंत्यविधीवाल्या बॉयकिनने मढ्यांची गाडी धुऊन पुसून तिच्यातून लव्हीला मिरवलं, दुसरी मोठी गाडी आमच्यात होती कुणाकडे? एरवी हे सगळं रुळांच्या अलीकडेच राहिलं असतं. पण नेमकं तेव्हाच उत्तरेकडची एक कंपनी आमच्या गावात फ्रिजचा कारखाना काढायच्या विचारात होती. तिची माणसं येऊन जाऊन होती आणि विचारत होती, इकडे गोऱ्या-काळ्यांची भानगड तर नाही ना? मग मेयर क्रचफील्डना एकदम लव्हीची आठवण झाली. कोर्टाच्या पायऱ्यांवर समारंभ करायचा, पाहुण्यांसमोर पोरीच्या गळ्यात पदक घालायचं, तिच्या कोचला वर बोलवायचं. दाखवायला बरं.

रेव्हरंड पिंकनी काही भोळे नव्हते. ते म्हणाले, पदक ठीक आहे, पण मैदान द्या. शाळेमागे कापसाच्या जुन्या गिरणीची जागा पडून होती. बरीच घासाघीस झाली, आणि मेयरने कबूल केलं. समारंभात कोचच्या हातात त्या जागेचा कागद द्यायचा, फोटो काढायचा. आमच्या बाजूला आनंदीआनंद. बाई तर त्या जागेभोवती रोज फेऱ्या मारू लागल्या. लेन कुठून कुठे जाईल, लांब उडीचा खड्डा कुठे, सगळं पावलांनी मोजून झालं.

मग एक दिवस मेयरचा कारकून शाळेत आला. डोक्यावरची हॅट न काढता वर्गात शिरला.

"पत्रिका छापायचीय. नाव सांग."

"मिसेस व्ही. एल. मेबरी," बाई म्हणाल्या. त्या खिडकीकडून फळ्याकडे चालल्या होत्या.

"ते नव्हे. व्ही म्हणजे काय?"

"व्ही हे अक्षर आहे. यूच्या नंतर येतं. तुम्हालाही शिकवलं असेल शाळेत."

पोरी खुसखुसल्या. कारकून लाल होऊन निघून गेला. पण मेयरच्या ध्यानात आलं, की कर्ण्यावरून, सगळ्या गावासमोर, आपल्याला काळ्या बाईला मिसेस म्हणावं लागणार. मग पुढच्या निवडणुकीत कोण उभं करतं? झालं, नावाची शोधाशोध सुरू झाली.

आणि आमच्या बाजूला अळीमिळी गुपचिळी. पोरंटोरंसुद्धा ताकास तूर लागू देईनात. कारकून न्हाव्याकडे गेला. न्हावी वस्तरा परजत म्हणाला, "व्ही ना? व्हर्जिनिया असेल बघा साहेब. नाहीतर व्हिनेगर. स्वभाव तसाच आहे." तो बॉयकिनकडे गेला. बॉयकिन अंत्यविधीचं दुकान चालवायचा, नेहमी काळा कोट आणि गंभीर चेहरा. "आमच्याकडे आल्यावरच आम्ही नाव विचारतो," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या अजून आलेल्या नाहीत. आपण आधी येणार असलात तर आपलं लिहून घेतो." शेवटी कारकून टॉलिव्हर आजींच्या ओट्यावर पोचला. अर्ध्या गावाची सुईण ती, मेबरीबाईंनाही तिनेच जगात आणलेलं. आजी वाटाणे सोलत होती.

"आंटी, तिच्या जन्माच्या वेळी तू होतीस ना? मग नाव काय तिचं?"

"मी बाहेर काढली तेव्हा काही नव्हतं हो तिला नाव," आजी म्हणाली. "नुसती ओरडत होती आणि पाय झाडत होती."

हे सगळं गावभर झालं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या फेऱ्या वाढल्या. ताटलीतलं अन्न तसंच राहायला लागलं.

समारंभाच्या दोन दिवस आधी लव्हीची मावशी आयडेला धापा टाकत आली. ती क्रेनशॉंच्या घरी कामाला होती.

"सांगितलं!" ती फाटकातूनच ओरडली. "क्रेनशॉ म्हातारीने सांगितलं हो, बाई! मेयर स्वतः आला होता. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही मेलीला, पण आपल्या स्वयंपाकिणीच्या पोरीचं नाव बरं आठवलं! तोंडात माझ्या हातचा केक, आणि सांगतेय. त्याने दोनदा घोकून घेतलं."

बाईंच्या हातात ओला शर्ट होता. त्यांनी तो दोरीवर टाकला, झटकला, काढला आणि पुन्हा टाकला. "बरं," म्हणाल्या. मग तशाच ओल्या हातांनी फाटकाबाहेर पडल्या आणि कुरणाकडे चालू लागल्या.

संध्याकाळी रेव्हरंड पिंकनी आले. बाई ओट्यावर येरझारा घालत होत्या. मिस्टर मेबरी खुर्चीत बसून गोड गार चहा पीत होते.

"बाई, माझं ऐका," रेव्हरंड म्हणाले. "एका शब्दापायी मैदान घालवायचं का? कसंही बोलावू दे त्याला. वर जा, कागद घ्या, खाली या. देवाला ठाऊक आहे तुम्ही कोण आहात ते."

"देवाला ठाऊक आहे हो. मेयरला नाही ना. रेव्हरंड, तुम्हाला काय म्हणतो तो?"

"मला… प्रीचर म्हणतो."

"रेव्हरंड नाही म्हणत?"

"नाही." रेव्हरंडनी हॅट हातात फिरवली. "सवय झाली आता."

"मला नाही झाली. तेवढाच फरक आपल्यात."

रेव्हरंड गेले. मग मिस्टर मेबरी बोलले. ते रेल्वेत होते, झोपायच्या डब्यात प्रवाशांचे बिछाने घालायचे. "मला गाडीत सगळे जॉर्ज म्हणतात, मिसेस मेबरी. आम्हा सगळ्याच पोर्टरना जॉर्ज म्हणतात. जॉर्ज, बूट पूस. जॉर्ज, उशी आण. मी काय करतो सांगू? जॉर्जला स्टेशनवरच सोडून येतो. घरी येतो तो कॉर्नेलियस. तुम्हीही तसंच करा. जिला हाक मारतील ती जाईल वर. मिसेस मेबरी घरी राहतील."

बाई थांबल्या. नवऱ्यावर त्यांचा जीव होता, आणि त्या जॉर्जला किती शिव्या पडतात हेही त्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला जमतं हो ते," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याकडे दोन बायका नाहीत. एकच आहे. तीच इकडे आणि तीच तिकडे."

दुसऱ्या दिवशी कुरणात सराव झाल्यावर लव्ही मागे रेंगाळली. तिची धाकटी बहीण नेटी त्या उन्हाळ्यात याच कुरणात पडली होती. उंदराच्या बिळात पाय गेला आणि घोट्याशी हाड मोडलं. अजून ती जरा लंगडतच चालायची.

"बोल," बाई म्हणाल्या. "मघापासून तोंड उघडतेयस आणि मिटतेयस."

"मावशी म्हणाली, तुम्ही वर जाणार नाही."

"मी अजून काही म्हटलेलं नाही. तुला काय वाटतं?"

लव्हीने पायाच्या अंगठ्याने गवत उकरलं. "मी पुढच्या वर्षी कॉलेजात जाईन. मला मिळालं सगळं. पण नेटी? ती कुठे धावणार? बाई, मला मैदान हवंय."

"म्हणजे मी जाऊ? कसंही बोलावलं तरी?"

लव्हीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान हलवली. "हो, बाई."

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. रेव्हरंडना उलटून बोलता आलं, नवऱ्याला समजावता आलं, हिला काय सांगणार? इतकी वर्षं भोंग्यातून जिला मिस म्हटलं तीच म्हणते, वाका. आधी राग आला, सपाटून आला. मग त्या घरापर्यंत चालत गेल्या आणि वाटेत रागाने तोंड फिरवलं ते त्यांच्याकडेच. माझ्या एका शब्दाची किंमत त्या पोरीच्या घोट्याने का भरायची? मी कोण लागून गेले? रात्रीपर्यंत त्यांचं ठरलं होतं. "जाईन मी वर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कसंही बोलावू दे. पाच पायऱ्या चढायच्या, कागद घ्यायचा." मिस्टर मेबरींनी त्यांचे पांढरे हातमोजे इस्त्री करून ठेवले.

समारंभाच्या दिवशी ऊन असं की कोर्टासमोरचं डांबर बुटाला चिकटत होतं. पायऱ्यांवर टेबल, टेबलावर पदक आणि तो कागद, बाजूला माईक. खांबाखांबावर कर्णे. सावलीत गोऱ्यांच्या खुर्च्या, आणि त्यांच्या पुढे उत्तरेकडचे फ्रिजवाले पाहुणे घाम पुसत बसलेले. आम्ही मधे बांधलेल्या दोराच्या अलीकडे, उन्हात, बॉयकिनच्या दुकानाची जाहिरात छापलेले पंखे हलवत. बाईंना आमच्याच बाजूला, पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. निळी हॅट, पांढरे हातमोजे. त्यांचे पाय खुर्चीखाली सारखे नाचत होते. शेजारी टॉलिव्हर आजी, मागे मिस्टर मेबरी आणि रेव्हरंड.

मेयरने नमनालाच घडाभर तेल घातलं. आमच्या गावात गोरे-काळे कसे एका घरच्यासारखे राहतात, कुणाची कशी तक्रार नाही. एका घरच्यासारखे! मग दोर कशाला बांधला होता, गाई हाकायला? शेवटी एकदाचं त्याने पुकारलं, "ए लव्ही, ये गं पोरी वर!" लव्ही गेली. तिच्या गळ्यात पदक पडलं. टाळ्या झाल्या.

मेयरने घसा खाकरला. चेहऱ्यावर असं हसू, जसं पत्त्यांत एक्का लपवला आहे. "आणि हिला जिने धावायला शिकवलं, ती पण आलीय आज. वश्ती! कुठे बसलीयस, वश्ती? ये, लाजू नकोस. वर ये, पाहुण्यांना बघू दे तुला!"

कर्ण्यांनी ते नाव चौकभर फेकलं. आमचे पंखे जागच्या जागी थांबले.

आता आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही बायबलातली ही गोष्ट चर्चच्या रविवारच्या वर्गात शिकवलेली असते. एका राजाने मोठी मेजवानी दिली. दारू चढल्यावर त्याला वाटलं, राणीला बोलवावं आणि पाहुण्यांसमोर मिरवावं. निरोप गेला. राणी म्हणाली, मी येत नाही, जा. तिचा मुकुट गेला, राणीपद गेलं, पण ती गेली नाही. त्या राणीचं नाव वश्ती. क्रेनशॉंच्या चुलीपुढे राबणाऱ्या त्या माउलीने पोरीचं नाव उगाच नव्हतं ठेवलं. मेयरही दर रविवारी चर्चला जायचा. पण तिथे त्याला डुलकी लागत असणार.

बाईंनी उठायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले. आणि जे पाय उभ्या जन्मात कधी स्वस्थ राहिले नव्हते ते हलेनात. खुर्चीखालचं नाचणंही थांबलं. बाईंना घाम फुटला. ऊठ, बाई, ऊठ, नेटीसाठी ऊठ, त्या मनात म्हणत होत्या. पाय जणू दुसऱ्याच कुणाचे होते.

"वश्ती?" मेयर पुन्हा म्हणाला. "अगं, ये ना!"

"नाही यायची ती," टॉलिव्हर आजी खणखणीत आवाजात म्हणाली. "तेव्हाही नव्हती आली."

आमच्या बाजूला हशा पिकला. आधी म्हाताऱ्या हसल्या, मग सगळेच. रेव्हरंड पिंकनींनी पंख्याआड तोंड लपवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. गोऱ्यांना काही कळेना. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मेयरचा चेहरा बीटासारखा झाला. तो पायऱ्या उतरून बाईंसमोर आला, वाकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "मिसेस मेबरी, पाहुणे बघतायत. या आता वर."

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "माईकवर बोला."

"मैदान हवंय की नकोय तुला?"

बाईंनी वर लव्हीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "हवंय," त्या म्हणाल्या. "फार हवंय." पण त्या उठल्या नाहीत.

मेयर परत वर गेला. टेबलावरचा कागद त्याने उचलला, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हशा विझला. वखारीतल्या त्या बापाने डोक्यावरची टोपी काढली, जशी कुणाचं मढं जाताना काढतात. "कोचची तब्येत ठीक नाही," मेयर माईकवर म्हणाला. "ऊन फार आहे. चल पोरी, तू तुझे आभार मान, म्हणजे आटपलं."

आभाराची दोन वाक्यं लव्हीला पाठ करून दिली होती. ती माईकसमोर आली. माईक शिट्टी वाजवल्यासारखा कोकलला. बाई जमिनीकडे बघत होत्या. ती आता काय बोलेल, मैदान घालवलंत म्हणेल, म्हणू दे, खोटं काय आहे त्यात, असं त्यांना वाटत होतं. मेयर हळूच म्हणाला, "थँक यू म्हण, थँक यू."

"मिसेस व्ही. एल. मेबरी," लव्ही म्हणाली.

एवढंच. पण ते कर्ण्यांतून गेलं, बँकेवरून, पोस्टावरून, तुरुंगाच्या गजांवरून, पार रुळांपर्यंत. पोस्टाच्या दारात उभ्या असलेल्या कारकुनाने मान वर केली.

मग लव्हीने कुरणात पुकारतात तसं, छाती भरून पुकारलं. "मिसेस व्ही. एल. मेबरी! मी मिस लव्ही ग्रियर. मी तुम्हाला वर बोलावतेय."

मेयरचा हात माईकच्या बटणाकडे गेला. पण पाहुण्यांपैकी सर्वांत जाड गृहस्थाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. तो टाळ्या वाजवत उभा राहिला. मग त्याची माणसं उभी राहिली. मग मेयरला हात आवरून टाळ्या वाजवाव्या लागल्या. आणि आमची माणसं! डोक्यावरच्या टोप्या हवेत गेल्या. टॉलिव्हर आजी काठी आपटत म्हणत होती, "आता जा! आता जा गं माझ्या राणी!"

बाई उठल्या. त्यांचे पाय त्यांना परत मिळाले होते. दोर त्यांनी स्वतःच वर उचलला, खालून वाकून गेल्या आणि पायऱ्या चढल्या, घाईने, जरा तिरक्या, एका हाताने हॅट सावरत. वर गेल्यावर मात्र त्यांना काय करावं सुचेना. त्यांनी लव्हीचे दोन्ही हात धरले. दोघी माईकच्या अगदी पुढ्यात उभ्या होत्या.

"मैदान गेलं गं, लव्ही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं. "नेटीला काय सांगशील आता?"

"सांगेन ना, बाई," लव्ही म्हणाली. "तुम्हाला मिसेस म्हणावं लागलं असतं, म्हणून त्यांनी मैदान परत घेतलं."

माईक चालूच होता. टाळ्या वाजवणारे फ्रिजवाले पाहुणे थांबले, आणि एकेक करून त्यांनी माना मेयरकडे वळवल्या.